नावडत्या साहेबासाठी दारोदार

मी पॅड बोलतोय. परीक्षेला मुलं ज्याच्यावर पेपर लावतात ना, तसलाच एक. तपकिरी फळी आणि डोक्यावर पोलादी चिमटा. पण परीक्षेला मी कधी गेलो नाही, निदान शाळेच्या तरी नाही. माझी परीक्षा लोकांच्या दारात झाली, आणि पेपर असा अवघड होता की काढणाऱ्यालाही उत्तर येत नव्हतं.

स्वभावाने मी ताठ आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुठ्ठ्याचा असतो तर वाकलो असतो. मला लाकडाचा भुसा दाबून दाबून केलाय, आणि इतकं दाबल्यावर कोणी मऊ राहत नाही. एका मोठ्या फळीतून आम्ही चोवीस भाऊ एकाच दिवशी कापले गेलो. चिमटा बसवताना दोन रिव्हेट माझ्या आरपार गेले, तेव्हा जो आवाज झाला तेच माझं पहिलं रडणं. मग वह्या-पेनांच्या दुकानात महिनाभर उताणा पडलो आणि एके दिवशी नगरपालिकेच्या रुग्णालयाच्या सामानात माझी रवानगी झाली.

मला वाटलं, डॉक्टरच्या हातात जाऊ, लोक आदराने बघतील. गेलो धुलाईघरात.

वाईट नव्हतं ते. वॉर्डांतून गाठोडी यायची. चादरी, अभ्रे आणि कोट वेगळे करायचे, डागांचे कपडे बाजूला टाकायचे. मग उकळायचं, पिळायच्या यंत्रातून काढायचं आणि तापलेल्या रुळांखालून सरकवायचं. शेवटी घडीचं टेबल. तिथे दोन बायका समोरासमोर उभ्या राहून चादरीची चार टोकं धरत. एक पाऊल पुढे यायचं, टोकं जुळवायची, एक पाऊल मागे जायचं. बोलायचं कारणच नाही. मी शेजारच्या खिळ्यावर लटकून कुठल्या वॉर्डाला किती चादरी गेल्या ते छातीवर वागवायचो. वाफेने माझे कोपरे फुगले ते तेव्हापासून.

घडीच्या टेबलावरची एक बाई म्हणजे ताई. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं, बाकी सगळ्यांची ती ताईच. कामगार संघटनेची ती सेक्रेटरी. आणि पलीकडे बॉयलरवर काका. काकांनीच ताईला संघटनेत आणलं, पत्रक कसं वाचायचं ते शिकवलं, आणि साहेबासमोर बसायचं तर खुर्ची पुढे ओढून कसं बसायचं तेही.

एके दिवशी रुळांत एका बाईचा हात गेला. रुळांपुढे लोखंडी जाळी बसवा, एवढंच मागणं तीन वर्षं चाललं होतं. जाळी आली नाही, हात गेला. दुसऱ्या सकाळी ताईने मला खिळ्यावरून काढलं, चादरींचा कागद घडी करून टेबलावर ठेवला आणि फाटकावर कोण कधी बसणार त्याच्या पाळ्या माझ्यावर लिहिल्या. मी परत खिळ्यावर गेलोच नाही. म्हणजे कायद्याने मी चोरीचा माल.

संप एकोणीस दिवस चालला. मोडला तो साहेबाने. साहेब तेव्हा रुग्णालयाचा अधीक्षक. आवाज चढवणं त्याला माहीत नव्हतं. एकेकाला आत बोलवायचा, चहा पाजायचा, घरची चौकशी करायचा, आणि शेवटी हळहळून म्हणायचा, "तुमच्या हट्टापायी दुसऱ्यांच्या चुली विझतील हो." केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मी त्या दिवसांत पाहिलं. विसाव्या दिवशी लोक कामावर गेले, आणि फाटकावर अकरा नावांची यादी लागली. कायमचे काढलेले. पहिलं नाव काकांचं.

यादीत ताईचं नाव नव्हतं. सेक्रेटरी असून नव्हतं. साहेबाने कोणाला तरी सांगितलं म्हणे, "त्या बाई समजूतदार आहेत." तो शब्द ताईला आजही चालत नाही. काका मात्र त्यावर एक अक्षर कधी बोलले नाहीत. जाळी दोन महिन्यांनी गुपचूप बसली.

पुढची सात वर्षं मी ताईच्या घरी काढली. रुग्णालयामागे नगरपालिकेच्या कामगारांच्या बैठ्या खोल्यांची एक रांग आहे, त्यातली सातवी तिची. आई अंथरुणाला खिळलेली. तिला खिडकीतून रस्ता दिसेल अशी खाट लावलेली, आणि त्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकावर आईचं काहीतरी मत असायचं. मी कधी पाण्याच्या पातेल्यावरचं झाकण झालो, कधी आईच्या औषधांचं तबक, उकाड्यात पंखा. कपाटामागे पडून दोन वर्षं धूळही खाल्ली. तक्रार नाही. माणसांनाही कामाशिवाय कोण विचारतं?

मग नगराध्यक्षाची निवडणूक आली, आणि ताईने मला ओल्या फडक्याने पुसलं.

उभे होते दोघे. एकाला लोक सफाईवाला म्हणत, कारण त्याचं एकच भाषण होतं: शहर साफ करायचं. रुग्णालयामागची रांग पहिल्याच महिन्यात पाडून तिथे गाड्या लावायला जागा करणार, आणि संघटनेच्या खोलीला कुलूप घालणार, हे त्याने भर चौकात सांगितलं होतं. "आपण जन्मभर लोकांची घाण साफ केली, आणि हा आपल्यालाच साफ करणार," असं ताई म्हणाली तेव्हा आई खाटेवरून म्हणाली, "मला उचलायला चार माणसं आणायला सांग त्याला. मी जड आहे."

आणि दुसरा उमेदवार? साहेब. निवृत्त झालेला, केस पिकलेले, हसू तेच. खोल्या पाडणार नाही एवढंच तो म्हणत होता, तेही विचारलं तर.

आमची संघटना ज्या पक्षाची, त्या पक्षाचा स्वतःचा उमेदवार नव्हता. ताकदच नव्हती तेवढी. पण शहर लहान. गेल्या खेपेला निकाल एकतीस मतांनी लागला होता, आणि संघटनेचे सभासद व त्यांच्या घरची माणसं धरली तर शे-दीडशे मतं सहज होती. तराजू आमच्या हातात होता, आणि दोन्ही पारड्यांत नको ते.

संघटनेच्या खोलीत सभा भरली. आमच्याकडची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. आमच्याकडे निर्णय हात वर करून होतो, आणि एकदा बहुमत झालं की सगळ्यांनी पाळायचं. संपात याच पद्धतीने तारलं होतं. त्यामुळे एक सवयही लागली होती. हात वर जायला लागले की खाली कोणी राहत नसे. एकट्याने हात खाली ठेवणं म्हणजे फितुरी, असं कोणी म्हणत नव्हतं, पण सगळ्यांना वाटत होतं.

ताईने ठराव मांडला: सफाईवाल्याला पाडण्यासाठी साहेबाला मत. हात वर जायला लागले. सगळ्यात शेवटी काकांचा गेला, तोही कोपरापर्यंत. ताईने मोजलं आणि माझ्यावर लिहिलं: बासष्ट. खाली दोन रेघा ओढल्या. मला त्या रेघांचं वजन अजून आठवतं, इतकी निश्चिंत होती ती.

हीच तिची चूक. हात मोजले आणि मतं समजली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या शहरातल्या पक्ष कार्यालयातून एक मास्तर आले. खरे शिकवणारे मास्तर नव्हेत, प्रचाराचे धडे द्यायचे म्हणून मास्तर. त्यांनी माझ्यावर छापील यादी लावली आणि तीन खुणा शिकवल्या. मत देणार त्याच्यापुढे बरोबरची खूण, देणार नाही त्याच्यापुढे फुली, आणि कुंपणावरच्यापुढे गोल.

"गोलावर मेहनत घ्यायची, ताई," मास्तर म्हणाले. "गोल ढकलला की घरंगळतो. समजावत बसू नका, वेळ नाही. लाज वाटायला लावा. मत दिलं नाही तर खोल्या पाडल्याचं पाप तुमच्या माथी, असं सरळ सांगायचं."

ताईने मला काखोटीला मारलं आणि निघाली. पहिल्याच दिवशी कळलं, माझ्यावर गोलच गोल. हात वर केलेल्यांच्यापुढे गोल!

पिळायच्या यंत्रावरची बाई दार अर्धंच उघडून म्हणाली, "बघू." संध्याकाळी परत गेलो, तरी "बघू." ताकास तूर लागू देईना. एक ड्रायव्हर आम्हाला पाहून न्हाणीघरात शिरला. ताई पाऊण तास उंबऱ्यावर बसली. शेवटी त्याची बायकोच ओरडली, "अहो, बाहेर या, मला आंघोळ करायचीय!" तो कोरडा ठणठणीत बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, सभेत हात वर केला ना मी? आता आणखी काय?"

एका शिक्षक नवरा-बायकोने तर बसवून चहा दिला. ती दोघं आमच्या पक्षाची जुनी माणसं, घरात पुस्तकांच्या थप्प्या. "आम्ही तत्त्वाने मत देतो," नवरा म्हणाला. "दोन्ही सारखेच. आमचं मत कोरं."

"तत्त्व ठेवायला खोली लागते हो," ताई म्हणाली. "तुमची स्वतःची आहे."

बोलणं खरं होतं, पण लागलं. त्यांनी दुसरा कप विचारला नाही. ताईने गोल खोडून फुली मारली, इतकी जोरात की पेनाचं टोक माझ्या अंगात रुतलं.

खरी गाठ काकांची होती. काढलेले अकरा जण, त्यांची घरं, त्यांचे व्याही-जावई, सगळे काकांच्या तोंडाकडे बघत. काका हलले तर तीस-चाळीस मतं हलणार. ताई तीनदा त्यांच्या घरावरून पुढे गेली. चौथ्यांदा आत शिरली.

काका सायकल दुरुस्त करत होते. नोकरी गेल्यापासून तोच त्यांचा धंदा. चाक उलटं टाकून आऱ्या सारख्या करत होते. मान वर न करता म्हणाले, "हात सभेचा होता, पोरी. तो दिला. मत माझं आहे."

"काका, ठराव झालाय."

"झाला ना. मी काय सफाईवाल्याला देतोय? मी घरी बसतोय."

"घरी बसलात तर फायदा त्याचाच. दगडापेक्षा वीट मऊ, काका."

"ज्याच्या डोक्यात वीट बसलीय त्याला विचार किती मऊ असते ती."

ताई गप्प राहिली असती तर बरं झालं असतं. पण चार दिवसांचे गोल तिच्या डोक्यात गरगरत होते, मास्तरांचे धडे ताजे होते, आणि घरी आई होती. ती म्हणाली, "ठीक आहे. खोल्या पाडल्या की आईची खाट तुमच्या दारात आणून टाकते. सांगते तिला, काकांच्या हट्टापायी आपण रस्त्यावर आलो."

काकांचा हात चाकावर थांबला. पहिल्यांदा त्यांनी वर पाहिलं. चिडले नव्हते. चिडले असते तर परवडलं असतं.

"सात वर्षांपूर्वी मला आत बोलावलं होतं," ते म्हणाले. "चहा दिला. तुझ्या आईचीसुद्धा चौकशी केली. आणि मग हेच म्हणाला, तुमच्या हट्टापायी दुसऱ्यांच्या चुली विझतील. त्याने निदान बसायला खुर्ची दिली होती."

ताई उभीच होती. तिने मला छातीशी धरलं होतं. मग ती बाहेर पडली. त्यांच्या नावापुढे तिने खूण केली नाही.

त्या दुपारी संघटनेच्या खोलीत ताईचं आणि मास्तरांचं वाजलं. तिने चिमटा उघडून छापील यादी काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. "माणसं ढकलायची नसतात," ती म्हणाली. "ढकललेला माणूस उद्या माझ्या कामाचा राहत नाही."

"उद्याचं उद्या बघू, ताई! आधी निवडणूक."

"तुम्ही उद्या इथे नसाल, मास्तर. मी असेन."

मग तिने माझ्यावर एक कोरा कागद लावला आणि थेट साहेबाच्या प्रचार कार्यालयात गेली. खुर्ची पुढे ओढून बसली. दोन वाक्यं लिहून द्या म्हणाली: खोल्या पाडणार नाही, आणि काढलेल्या अकरांना परत घेईन.

साहेब हसला. चहा मागवला. "आईसाहेबांची तब्येत कशी आहे? अहो, खोल्यांचं मी बोललोय ना. लिहून कशाला? आपल्यात काय परकेपणा आहे? आणि त्या अकरांचं... बाई, जुन्या जखमा उकरू नयेत. तुम्ही समजूतदार आहात."

ताईने चहाला हात लावला नाही. कोरा कागद घेऊन तशीच बाहेर आली. खरं सांगतो, मला त्या दिवशी लाज वाटली. चिमटा असून पकडायला काही नाही.

मी मनात म्हटलं, आता ही घरी जाईल. किंवा काकांना थाप मारेल की साहेब हो म्हणाला. मास्तरांनी तेच सुचवलंही असतं. पण ती वळली काकांच्या घराकडे.

"सही दिली नाही," तिने मला काकांसमोर धरून सांगितलं. "अकरांबद्दल तर ऐकूनही घेत नाही. सकाळी मी बोलले ते चुकलं, आणि ते परत घेते. माझं नाव यादीत नव्हतं ते का, तेही मला ठाऊक आहे. एवढं सगळं असून मत त्यालाच द्या म्हणायला आलेय."

"का?"

"कारण त्याच्याशी भांडता येतं. सफाईवाला आला तर भांडायला आपण इथे असणारच नाही. खोली नाही, संघटना नाही, चौघांनी बसायला जागा नाही. मला चांगला माणूस निवडायचा नाहीये, काका. कोणाशी भांडायचं तो निवडायचाय."

काकांनी पाना खाली ठेवला. मग हात पुसून त्यांनी माझ्या चिमट्यात अडकवलेलं पेन घेतलं आणि त्या कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही साहेबाच्या दारात बसणार. अकरा माणसं परत घ्या." खाली एक, दोन, तीन असे आकडे टाकले. पहिला आकडा रिकामा सोडून दुसऱ्यावर स्वतःची सही केली.

"पहिली तुझी," ते म्हणाले. "ज्याला मत मागशील त्याला हा कागद आधी दाखव. आणि विचार करून सही कर. तू अजून नोकरीत आहेस. तो निवडून आला तर रुग्णालय त्याचंच."

तुम्हाला वाटेल, तिने लगेच केली. नाही. घरी आणून मला खाटेच्या कडेला ठेवलं आणि आईला सगळं सांगितलं. नोकरी गेली तर आज ना उद्या खोलीही जाणार, हे दोघींना कळत होतं. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणजे तो हरला तर खोली जाणार, आणि जिंकला तर नोकरी. चांगलं लफडं आहे तुझं." मग थोड्या वेळाने, "सही नीट कर. कोंबडीचे पाय काढू नकोस."

ताईने सही केली. मी खालून घट्ट आधार दिला. तेवढंच माझ्या हातात होतं.

त्यानंतरचे सहा दिवस मी आयुष्यात कधी फिरलो नव्हतो इतका फिरलो. तीच दारं, तेच लोक, पण आता ताई आधी कागद पुढे करायची. "मत त्याला द्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच दारात माझ्याबरोबर बसा. बसायचं नसेल तर मतही देऊ नका, माझं काही म्हणणं नाही." पिळायच्या यंत्रावरच्या बाईने पहिली सही पाहिली आणि दार पूर्ण उघडलं. "तू नोकरीवर पाणी सोडतेयस?" "बघू," ताई म्हणाली. दोघी हसल्या. ड्रायव्हरने सही केली, त्याच्या बायकोने त्याच्या आधी केली. शिक्षकाच्या घरी ताईने आधी माफी मागितली. बायकोने सही केली, नवरा म्हणाला, "मी बसायला येईन, मत मात्र कोरंच." ताईने कपाळावर हात मारला आणि त्याचीही सही घेतली.

मास्तर घाबरले. "ताई, हे साहेबाच्या कानावर गेलं तर?"

"जाऊ दे. त्यालाही कळू दे मत कशासाठी मिळतंय."

गेलंच कानावर. साहेबाचा माणूस येऊन गोड शब्दांत दम देऊन गेला. पण मतं नको म्हणायची त्याचीही हिंमत नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत. मतदानाच्या आदल्या दिवशी माझ्यावर अठ्ठेचाळीस सह्या होत्या.

मतदान शाळेत होतं. काका इस्त्रीचा सदरा घालून, कपाळाला आठ्या घालून रांगेत उभे राहिले. त्यांच्यामागे त्यांच्या घरचे, मग उरलेले दहा आणि त्यांची माणसं. कागद-फळ्या आत न्यायच्या नाहीत म्हणून मला ताईने बाहेर पायरीवर ठेवलं. त्यामुळे काकांनी आत काय केलं ते मला माहीत नाही. ताईने विचारलं नाही. मी पण विचारत नाही, तुम्हीही विचारू नका.

साहेब सत्तावीस मतांनी आला. ताई बातमी घेऊन घरी आली, खाटेच्या कडेला बसली आणि ढसाढसा रडली. आनंदाने म्हणाल तर नाही, दुःखाने म्हणाल तर तसंही नाही. आई म्हणाली, "आता रड काय ती रडून घे. सकाळी नऊला जायचंय ना?"

अठ्ठेचाळिसांतले आले सव्वीस. मास्तर पहाटेच्या गाडीने परत गेले होते. शिक्षक मात्र आला, बसायला सतरंजी घेऊन. साहेबाच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "अभिनंदनाला आलात? रांग त्या बाजूला." काका म्हणाले, "आमची इकडे." आणि खाली बसले. साहेब हसत बाहेर आला, आमच्यासाठी चहा सांगितला. तो कोणी घेतला नाही. "बघू," एवढं बोलून आत गेला.

दुसऱ्या दिवशी परत बसलो, तेव्हा एकतीस जण होते. तिसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या फाटकावर कागद लागला. संस्थेची बदनामी केल्याबद्दल एकीला कामावरून कमी केलं आहे. नाव ताईचं, हजेरीपटावर आहे तसं पूर्ण.

कोणी तरी धावत येऊन ते सांगितलं तेव्हा सगळे ताईकडे बघायला लागले. मीही तिच्या मांडीवर निमूट पडलो होतो. मला वाटलं, आता कोणी तरी म्हणणारच, सांगितलं नव्हतं? हा असलाच माणूस, आणि याच्यासाठी तू आमची दारं झिजवलीस. बोलायचा हक्क होता त्यांना.

काका म्हणाले, "पस्तावतेस?"

"आज सकाळी आईला खिडकीपाशी बसवून भरवून आले," ताई म्हणाली. "खिडकी जागेवर आहे, काका. सफाईवाला असता तर तिथे आज फावडी असती." मग तिने डोळे पुसले आणि जुना कागद काढून नवा लावला. वरचं वाक्य स्वतः लिहिलं: बारा माणसं परत घ्या.

आज नववा दिवस. घडीच्या टेबलावरच्या बायका काम सुटल्यावर थेट इथे येतात, आणि शेजारच्या खोल्यांतल्या बायका आईकडे बघून जातात. साहेबाने कालपासून मागच्या दाराने ये-जा सुरू केलीय. माझं म्हणाल तर चिमट्याची स्प्रिंग सैल झालीय, कागद रबराने बांधावा लागतो, एक कोपरा पार उकललाय. पण पाठ सरळ आहे.

तुमच्याही दारात कधी तरी कोणी माझ्यासारखा पॅड घेऊन येईल आणि नावडत्या माणसासाठी मत मागेल. त्याला हाकलू नका, आणि लगेच हो पण म्हणू नका. दुसऱ्या दिवशी तो स्वतः कुठे असणार आहे, तेवढं विचारा.

आता मला सोडा. ताईने पेन उघडलंय, उद्याच्या पाळ्या लिहायच्या आहेत. सकाळची भरली. दुपारी दोन ते चार अजून रिकामं आहे, येत असाल तर नाव सांगा.